पेटीवाले पु. ल.

माझ्याकडे रविवारी सकाळी पेटी शिकायला चार मुलं येतात. त्यांतली सगळ्यात धाकटी आठ वर्षांची. बसल्यावर तिचा हात पट्ट्यांवर नीट येत नाही, म्हणून तिच्याखाली मी दोन उशा ठेवते. गेल्या महिन्यात तिला ‘नाच रे मोरा’ बसलं. धृपद आणि एक कडवं, कुठंही न थांबता. तिची आई दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होती. पोरीनं शेवटचा सूर सोडला तशी ती म्हणाली, “काकू, किती गोड चाल आहे हो! कुणाची?”

“पु. ल. देशपांड्यांची.”

“कोण? आपले ‘म्हैस’वाले?”

तिला पुलं ठाऊक नाहीत असं मुळीच नाही. स्कूटरवरून ऑफिसला जाता-येता ती त्यांचं कथाकथन ऐकते, ‘नारायण’ तिला तोंडपाठ आहे. पण ही चाल आणि तो माणूस यांची गाठ तिच्यासमोर कुणी घालून दिलेलीच नव्हती. त्या दिवसापासून मनात घोळत होतं की हे एकदा बसून लिहावं.

मनात आणखीही एक गोष्ट होती, ती आधी सांगून टाकते. गेल्या नोव्हेंबरात पुलंच्या जन्मदिवसाच्या सुमाराला एका संस्थेनं कार्यक्रम ठेवला होता. त्यात पेटीवर त्यांच्या चाली वाजवायला मला वीस मिनिटं दिली होती. महिनाभर रोज तासभर मी त्या बसवत होते. आयत्या वेळी आधीची कथाकथनं लांबली आणि माझी पेटी गवसणीतून बाहेर निघालीच नाही. “लोकांना हसायला आवडतं हो, गाणी पुन्हा केव्हातरी,” असं संयोजक म्हणाले. पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून सांगलीत विश्रामबागेला परत येताना डोळ्यांत पाणी आलं. वीस मिनिटं गेली त्याचं एवढं नव्हतं. पुलंच्याच कार्यक्रमात पुलंच्या पेटीला जागा निघू नये, ते फार लागलं.

मी बँकेत नोकरी केली, पण त्याच्याही आधीपासून साथ करते आहे. भजनाला, शाळेच्या गॅदरिंगला, नाट्यसंगीताच्या स्पर्धांना, कधीमधी एखाद्या चांगल्या गवयालाही. चाळीस वर्षांहून जास्त झाली. तेवढ्या पुंजीवर सांगते, पुलं रंगमंचावर उभे राहून नुसतं बोलत असले तरी आतून पेटीच वाजवत असत.

लहानपणापासूनच तसं होतं. जन्म ८ नोव्हेंबर १९१९चा, मुंबईत गावदेवीला. वाढले जोगेश्वरी आणि पार्ल्यात, शाळा पार्ल्याची टिळक विद्यालय. आजोबा, म्हणजे आईचे वडील, ‘ऋग्वेदी’ या नावानं लिहिणारे वामनराव दुभाषी. पेटी पुलं शिकले भास्कर संगीतालयातल्या दत्तोपंत राजोपाध्यांकडे. शाळकरी वयात बालगंधर्वांसमोर वाजवून त्यांची शाबासकी मिळवल्याची हकिगत तर पुष्कळांना माहीत आहे. त्या काळच्या महाराष्ट्रात बालगंधर्वांची शाबासकी म्हणजे काय, हे माझ्या आजीच्या पिढीला विचारायला हवं होतं. वडील लवकर गेले आणि घराचा भार अंगावर आला. शिकवण्या, भावगीतांचे कार्यक्रम, कारकुनी, मास्तरकी असं सगळं त्यांनी केलं. ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवत असताना सुनीता ठाकूर भेटल्या आणि १२ जून १९४६ला रत्नागिरीत नोंदणी पद्धतीनं लग्न झालं.

पुण्याला फर्ग्युसन, आणि मग एम.ए.ला आमच्या सांगलीचं विलिंग्डन. माझ्या घरापासून विलिंग्डनच्या आवाराची भिंत चालत दहा मिनिटांवर आहे. संध्याकाळी फिरायला त्या बाजूला गेले की वाटतं, या झाडांखालून हा माणूस गुणगुणत गेला असेल. पुढं प्राध्यापक म्हणून ते बेळगावला गेले, राणी पार्वतीदेवी कॉलेजात. बेळगाव हे तर पेटीवाल्यांचं गाव. विठ्ठलराव कोरगावकर तिथले, रामभाऊ विजापुरे तिथले. पुलंचे ‘रावसाहेब’, म्हणजे थिएटरवाले कृष्णराव हरिहर, तेही त्याच गावचे. कानडी हेल, तोंडात शिव्या आणि गाण्यासाठी जीव टाकणारं मन. ‘रावसाहेब’ ऐकताना लोक शिव्यांवर हसतात, मीही हसते. पण त्या माणसाचं मोठेपण पुलंना दिसलं ते गाण्याच्या वाटेनं, असंच मला प्रत्येक वेळी वाटतं.

सिनेमाची वर्षं थोडी, पण काय वर्षं! १९४७च्या ‘कुबेर’मध्ये ते पडद्यावर आले, पुढच्या वर्षी ‘वंदे मातरम्’मध्ये सुनीताबाईंबरोबर. मग संगीत, संवाद, अभिनय असं सगळंच करत गेले. १९५३ हे साल तर मी मुलांना पाठच करायला लावते. त्या वर्षी राम गबाल्यांचा ‘देवबाप्पा’ आला. गदिमांचे शब्द, पुलंची चाल, आशा भोसल्यांचा आवाज, आणि महाराष्ट्राला ‘नाच रे मोरा’ मिळालं. त्याच वर्षी ‘गुळाचा गणपती’. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं एकट्या पुलंचं. ‘इंद्रायणी काठी’ त्यातलंच, भीमसेन जोशींनी गायलेलं. आषाढीला गावोगाव लाउडस्पीकरवर हा अभंग लागतो. तो संतांचा नाही, गदिमांचा आहे, आणि चाल पुलंची आहे. हे मी सांगितलं की दरवेळी समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो.

बरोबरच आहे. ज्या चालीला चालकार आठवत नाही, ती चाल लोकांची झालेली असते. तरीही नाव सांगायचंच, असं माझं मत आहे.

‘गुळाचा गणपती’नंतर त्यांनी सिनेमाकडे पाठ फिरवली आणि १९५५ साली आकाशवाणीत गेले. आता इथं आम्हा पेटीवाल्यांच्या काळजाला लागणारी गोष्ट येते. आकाशवाणीवर तेव्हा पेटीला बंदी होती. १ मार्च १९४०पासून. तक्रार अशी की पेटीचे सूर ठोकळेबाज, तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, गमक, म्हणजे स्वराचं झुलणं, निघत नाही, श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांची, तर बातच नको, आणि तिच्या नादानं गवयांचे गळे बिघडतात. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशी होती, शांतिनिकेतनात तिला जागा नव्हती. ही बंदी १९७१पर्यंत राहिली. मग ती उठली तीही अर्धीमुर्धीच, मान्यताप्राप्त वादकांना साथीपुरती.

म्हणजे बघा, ज्याच्या बोटांत लहानपणापासून पेटी होती तो माणूस जिथं नोकरीला, तिथं पेटीच वाजवायची नाही. आणि ज्या रवींद्रनाथांना पेटी चालत नव्हती त्यांचं साहित्य मुळातून वाचता यावं म्हणून हाच माणूस पन्नाशीच्या वयात बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला. मनात अढी धरली नाही. दोन्ही प्रेमं शेवटपर्यंत सांभाळली. मला स्वतःला हे जमलं नसतं. पेटीला कुणी नावं ठेवली की मी अजून आठवडाभर मनात कुढते.

तक्रार सगळी खोटी होती असं मात्र म्हणवत नाही. वर्षातून एकदा मी पेटी मिरजेला नेते. दुरुस्ती करणारे गृहस्थ पेटी उघडून आतले पितळी सूर, म्हणजे पितळेच्या बारीक जिभा, एकेक काढतात. टोकाशी किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. केसाएवढा फरक. मग तो पुन्हा बसवायचा, भाता द्यायचा, कान लावायचा. एकदा बसवला की सूर तिथंच राहणार. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तेव्हा पेटीकडं फक्त दोन पट्ट्या असतात, मधली वाट तिच्यापाशी नाही. साथीदारानं करायचं काय? तर ती मधली वाट गवयाची म्हणून सोडून द्यायची. भाता हलका करायचा, सूर विरघळू द्यायचा आणि गवई पोचला की अलगद तिथं जाऊन मिळायचं. आपल्या वाद्यात काय नाही ते ओळखून वाजवणं, हीच पेटीची विद्या.

साथीतला दुसरा धडा याहून कठीण. गवई कुठं निघालाय हे चांगल्या साथीदाराला आधीच कळतं. तान सुरू झाली की ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कशी येणार याचा अंदाज बोटांना येतो. तरी त्याच्या आधी तिथं जाऊन बसायचं नाही. केसभर मागं राहायचं. त्यानं श्वास घेतला की भरून काढायचं, त्यानं तोंड उघडलं की आपण कमी व्हायचं.

आता ‘म्हैस’ पुन्हा ऐका. रत्नागिरीहून निघालेली एसटी, आडवी आलेली म्हैस, आणि मग ड्रायव्हर, कंडक्टर, पुढारी, म्हशीचा मालक, अख्खी गाडीभर माणसं. प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय वेगळी. कुणी वरच्या सुरात भांडतो, कुणी खर्जात कुरकुरतो. एकाच गळ्यातून इतकी माणसं निघतात, पण एकाचा सूर दुसऱ्यात सांडत नाही. आणि हशा आला की काय होतं तिकडं लक्ष द्या. हशा पूर्ण विझेपर्यंत पुलं थांबत नाहीत. तो ऐन भरात असतानाही बोलत नाहीत. तो उतरायला लागला, शेवटची दोन-चार माणसं अजून हसतायत, नेमक्या त्या ठिकाणी पुढचं वाक्य येतं. गवयाची तान संपत येताना साथीदार जिथं आत शिरतो ना, तीच ही जागा. प्रेक्षक गवई आणि पुलं साथीला. विनोद कुठं जाणार हे त्यांना ठाऊक असतं, पण आपल्या आधी ते तिथं जाऊन बसत नाहीत. आपल्याला पोचू देतात.

मी हे पहिल्यांदा ओळखलं तेव्हा टेपरेकॉर्डर बंद करून बराच वेळ बसून राहिले होते. अप्पा, माझे वडील, मला लहानपणी सांगायचे की साथ करायला शिकायची असेल तर चांगल्या गवयांना ऐक आणि पुलंना ऐक. तेव्हा वाटायचं, अप्पांना ‘बटाट्याची चाळ’ आवडते म्हणून म्हणतात.

‘बटाट्याची चाळ’ हा एकट्यानं करायचा प्रयोग त्यांनी १९६१ साली सुरू केला. एक माणूस, अख्खी चाळ आणि भरलेलं नाट्यगृह. त्याच्या पाठोपाठ ‘वाऱ्यावरची वरात’, मग ‘असा मी असामी’. प्रयोगांच्या मागं सुनीताबाईंची शिस्त होती. घंटा वेळेवर, हिशेब चोख. या सगळ्यातून उभा राहिलेला पैसा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातून किती ठिकाणी गेला! पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची सुरुवात त्यातूनच झाली.

‘ती फुलराणी’बद्दल एवढंच सांगते की ते नाटक मुळात कानाचं आहे. १९७५ साली ते रंगमंचावर आलं. ‘पिग्मॅलियन’ या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं, विषय उच्चारांचा. बोलीचा सूर बदलला की माणसाची जात, गल्ली, पगार सगळं बदलल्यासारखं वाटतं, हे त्याचं मर्म. लंडनचे उच्चार काही मराठीत येत नाहीत. म्हणून पुलंनी मराठीच्या गल्लीबोळांतले सूर गोळा केले, आणि भक्ती बर्व्यांनी ते असे काही उभे केले की आज पन्नास वर्षांनंतरही शाळेतल्या पोरी ते स्वगत स्पर्धेत म्हणतात. कान तयार नसता तर हे नाटक नुसतं भाषांतर होऊन पडलं असतं.

त्यांच्या भावगीतांकडे मी मुद्दाम शेवटी आले, कारण तिथं आले की मला निघवत नाही. ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं ‘माझिया माहेरा जा’ आणि माणिक वर्मांचं ‘हसले मनी चांदणे’. दोन्हींचे शब्द राजा बढ्यांचे. जितेंद्र अभिषेकींनी गायलेली ‘शब्दावाचून कळले सारे’ आणि ‘माझे जीवन गाणे’, शब्द मंगेश पाडगावकरांचे. चारही चाली पुलंच्या. या चाली पेटीवर वाजवून पाहिल्यात का कधी? शब्दांना कुठं धक्का लागत नाही. मराठी शब्द बोलताना जिथं वजन घेतो तिथंच सुराचं वजन येतं, म्हणून शिकवताना मी मुलांना आधी कविता मोठ्यानं वाचायला लावते, मग पट्ट्यांना हात. ‘माझिया माहेरा जा’ला मात्र मी मुलांना लवकर हात लावू देत नाही. माझं लग्न होऊन मी मिरजेहून सांगलीला आले, अंतर किती, तर दहा-बारा किलोमीटर. तरी पहिल्या वर्षी हे गाणं वाजवताना माझा भाता थांबायचा. हसवणाऱ्या पुरुषाला माहेरची ओढ इतकी आतून कशी कळली असेल?

ती कळायला बहुधा तोच कान लागतो. ‘अंतू बर्वा’ ऐका. आधी रत्नागिरीचा तो खवचट, तिरकस माणूस, एकेक वाक्य चाबकासारखं. आणि शेवटाकडं आवाज उतरत जातो, लय विलंबित होत जाते. आपण हसत हसत तिथवर आलेलो असतो आणि पायाखाली एकदम खोल पाणी लागतं. पेटीवर खर्जाचा एकच सूर धरून भाता मंद केला की जे होतं, तेच.

मानसन्मान पुष्कळ झाले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमी पुरस्कार, १९६६ साली पद्मश्री, पुढं पद्मभूषण. १९७४ला आमच्या शेजारी इचलकरंजीला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष पुलंच होते, अप्पा त्याला गेले होते. १९९६चा पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांचाच. या यादीत माझा जीव ज्याच्यावर आहे तो १९६७चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. त्या अकादमीच्या नावात संगीत पहिलं येतं.

शेवटची वर्षं कंपवाताची. याच्यावर फार लिहवत नाही. ज्या बोटांना केसभर मागं राहायचं आणि केसभर आधी उचलायचं ठाऊक होतं, ती बोटं आपल्या ताब्यात न राहणं काय असेल, हे पेटी वाजवणाऱ्यालाच कळेल. अप्पांचेही हात शेवटी थरथरायचे. ते पेटीपाशी यायचे, भाता उघडायचे, एकच पट्टी दाबून षड्ज, म्हणजे सा, ऐकायचे आणि भाता पुन्हा मिटायचे. पुलं १२ जून २०००ला पुण्यात गेले. लग्नाला त्या दिवशी चौपन्न वर्षं पूर्ण झाली होती. अप्पांनी दुपारी रेडिओवर बातमी ऐकली आणि मला बँकेत फोन करून एवढंच म्हणाले, “आज संध्याकाळी पेटी काढू या.”

त्या संध्याकाळी मी वाजवलं आणि ते ऐकत बसले. आधी ‘इंद्रायणी काठी’, मग ‘हसले मनी चांदणे’, मग पुन्हा ‘इंद्रायणी काठी’. शेजारच्या काकू जिन्यात येऊन बसल्या, त्यांच्या मागं आणखी दोघी-तिघी.

ती स्कूटरवाली आई या रविवारी पोरीला सोडायला आली ती निघेचना. कानातला इअरफोन काढून हातात धरलेला. म्हणाली, “काकू, आठवडाभर अभिषेकींचं ‘शब्दावाचून’ ऐकतेय. मला येईल का हो वाजवायला? मी कधीच काही शिकले नाही.” मी तिला काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाखवली आणि भाता कसा द्यायचा ते सांगितलं. पोरगी आपल्या दोन उशांवरून उठली आणि त्यातली एक तिनं आईच्या खाली सरकवली.